कानाच्या पाळीला हात लावा

दर वर्षी ३० जानेवारी आली की ग्रामपंचायतींच्या भिंतींवर कुष्ठरोगाचे फलक लागतात. ग्रामसभेत प्रतिज्ञा वाचली जाते, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, आशाताई घरोघर फिरून माहिती सांगतात. या साऱ्या खटाटोपातून लोकांच्या डोक्यात एक वाक्य पक्के बसले आहे: अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर दवाखान्यात दाखवा. वाक्यात खोट काही नाही, आणि ते वाचून वेळेवर औषधाला लागलेली माणसे गावोगाव आहेत. पण हे वाक्य आजाराच्या एकाच टोकाचे आहे. दुसऱ्या टोकाला बधिर चट्टा शोधून सापडत नाही. तिथे गाठी असतात, जाड झालेली कातडी असते, आणि त्या गाठीवर टाचणी टोचली तर ती रुग्णाला लागतेही. ज्याच्या अंगात जंतू सर्वांत जास्त, ज्याच्यापासून आजार पसरण्याचा संभव सर्वांत जास्त, तोच रुग्ण आपल्या फलकातून निसटतो.

हे काही नवे ज्ञान नाही. नॉर्वेतल्या बर्गन शहरात डॅनियलसन आणि बोक या दोन डॉक्टरांनी १८४७ साली कुष्ठरोगावर ग्रंथ लिहिला, चित्रांची वही जोडली, आणि या आजाराची दोन रूपे सरळ वेगळी मांडली. एक गाठींचे, दुसरे बधिरतेचे. त्याच गावात १८७३ मध्ये आर्मावर हॅन्सनला कुष्ठरोगाचा जंतू पहिल्यांदा दिसला, तो रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या द्रवात. म्हणजे ज्या पुराव्यावर या आजाराचे सारे आधुनिक ज्ञान उभे आहे, तो गाठीतून आला. आपल्या मातीशीही या कथेचा धागा आहे. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत होता आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. इथल्या कुष्ठरुग्णांचा अभ्यास करता करता तो नॉर्वेला जाऊन आला आणि हॅन्सनचे म्हणणे उचलून धरणाऱ्या पहिल्या काही जणांत सामील झाला. दीडशे वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरला जी दोन रूपे ठाऊक होती, त्यांतले एक आज जिल्हा परिषदेच्या भित्तिपत्रकावर नाही.

त्वचारोगाच्या डॉक्टरला पहिल्या वर्षी शिकवतात ते असे. नुसता रंग बदललेला, हाताला काहीच न लागणारा तो डाग. आजूबाजूच्या कातडीपेक्षा उंच, पण वर सपाट आणि सेंटिमीटरहून मोठा पसरलेला तो प्लाक. भरीव, खोलवर रुजलेली, चिमटीत धरता येते ती नोड्यूल म्हणजे गाठ. हे वर्गीकरण डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त अवलंबून आहे. उंची कळायला प्रकाश बाजूने, तिरका पडायला हवा. खिडकीजवळ रुग्णाला उभे केले तर जे दिसते ते ट्यूबलाइटखाली दिसत नाही. आणि खोली तर हात लावल्याखेरीज कळतच नाही. गाठ कातडीत आहे की कातडीखाली, दाबल्यावर सरकते की चिकटून आहे, मऊ आहे की रबरी, दुखते की नाही, एवढ्या चार गोष्टींनी अर्धे निदान होते. दुर्दैवाने बाह्यरुग्ण विभागात मिनिटाला एक रुग्ण उरकताना पहिली काट याच चार गोष्टींवर बसते. टेबलापलीकडून बाहीवरचा चट्टा पाहायचा आणि मलम लिहायचे, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की हात लावणारा डॉक्टर भेटला तर रुग्णालाच आश्चर्य वाटते.

कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो. शरीराच्या ज्या भागांचे तापमान आतल्या अवयवांपेक्षा कमी, तिथे तो वाढतो: कानाच्या पाळ्या, नाक, भुवया, कोपरे, बोटांची पेरे, नितंब, नडगी. काख, जांघ, डोक्याची केसाळ त्वचा हे उबदार भाग तो बहुधा टाळतो. लेप्रोमॅटस प्रकारात, म्हणजे जंतूंशी लढण्याची शरीराची ताकदच कमी पडते त्या प्रकारात, सुरुवात फार गुपचूप होते. चेहऱ्याची कातडी थोडी जाड होते, तकतकीत दिसते, बारीक सुरकुत्या भरून येतात. घरच्यांना तब्येत सुधारल्यासारखी वाटली तर नवल नाही. भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जातात. कानाची पाळी जाड, लोंबती, गाठाळ होते. नाक सतत चोंदलेले, अधूनमधून रक्त. संध्याकाळी पावलांना सूज. असा माणूस नाकासाठी नाकाच्या डॉक्टरकडे जातो, सुजेसाठी किडनीची तपासणी करून घेतो, भुवयांसाठी कुठलेसे तेल लावतो. फलकावरचा बधिर चट्टा तो आरशात शोधतो आणि सापडत नाही म्हणून निर्धास्त होतो. हातापायांची बधिरता त्यालाही येते, पण ती हळूहळू, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि बहुधा उशिरा.

याहून चकवणारा एक प्रकार आहे, त्याला हिस्टॉइड म्हणतात. दिसायला निरोगी अशा कातडीवर गोल, गुळगुळीत, चमकणाऱ्या गाठी उगवतात. अपुरे किंवा अर्धवट औषध घेतलेल्यांत त्या अनेकदा सापडतात, कधी कधी औषध कधीच न घेतलेल्यांतही. चरबीच्या गाठी, जुन्या जखमेचा वाढलेला व्रण किंवा मज्जातंतूंच्या निरुपद्रवी गाठी समजून कोणी शल्यचिकित्सक त्यातली एक कापून टाकतो. कापलेला तुकडा तपासणीला पाठवला तर निदान होते. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी तो कचऱ्यात गेला तर होत नाही.

गाठींचे आणखी एक नाटक आहे, ते उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही घडते. अचानक ताप चढतो, चेहऱ्यावर, हातांवर, मांड्यांवर लालसर, हात लावू न देणाऱ्या दुखऱ्या गाठी उठतात, सांधे धरतात, डोळे लाल होतात. ही जंतूंची नवी चढाई नसून, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराने घेतलेला त्वेष आहे. रुग्णाला वाटते औषध बाधले, आणि तो गोळ्या सोडतो. बाहेरचा डॉक्टर टायफॉइड म्हणून सलाइन लावतो किंवा करट समजून अँटिबायोटिक देतो. दरम्यान डोळे आणि नसा कायमच्या जायबंदी होऊ शकतात. वैद्यकाच्या इतिहासातली एक विचित्र घटना याच गाठींशी जोडलेली आहे. थॅलिडोमाइड हे गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारे बदनाम औषध १९६४ च्या सुमारास जेरुसलेममधल्या जेकब शेस्किन या डॉक्टरने एका कुष्ठरुग्णाला केवळ झोप यावी म्हणून दिले, आणि त्या दुखऱ्या गाठी विरून गेल्या. आजही ते याच कामासाठी, अतिशय कडक अटींखाली, वापरतात.

आता सपाट उंच चट्ट्यांकडे येऊ. इथे फलकाचे वाक्य जास्त उपयोगाचे आहे, पण फसगतही जास्त होते. कुष्ठरोगाच्या मधल्या प्रकारांत चट्ट्याची कड उंच आणि मध्य खोलगट होतो, काही तर पालथ्या बशीसारखे दिसतात. गजकर्णाची कडही उंच, मध्य साफ. दोघांत फरक करायला साधने घरगुती पुरतात. गजकर्ण खाजते, कडेवर बारीक कोंडा असतो. कुष्ठरोगाचा चट्टा कोरडा, त्यावरचे केस झडलेले, घाम न येणारा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचे टोक चट्ट्यावर हलके टेकवायचे आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगायचे. आपल्या कुष्ठरोग कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्यांना हेच शिकवले जाते आणि त्याला एक मिनिटही लागत नाही. मात्र चेहऱ्यावर ही परीक्षा हमखास दगा देते, कारण तिथे मज्जातंतूंचे जाळे इतके दाट की चट्टा बधिर असूनही स्पर्श कळतो. तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरची, कानाखालून मानेवर उतरणारी नस चाचपून ती जाड झाली आहे का, हे पाहावे लागते. पुन्हा बोटेच.

सोरायसिसच्या चट्ट्यावर चंदेरी खपल्या असतात. खपली अलगद खरवडली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. त्वचेच्या क्षयाचा चट्टा एका बाजूला भरून व्रण होत जातो आणि दुसऱ्या बाजूला पसरत राहतो. त्यावर काचेची पट्टी दाबली की रक्ताची लाली हटते आणि आतले पिवळट-तपकिरी कण दिसू लागतात. वर्षानुवर्षे इसब म्हणून मलमे लावलेला एखादा हट्टी चट्टा शेवटी त्वचेतला लसिका-कर्करोग निघतो. मानेवरची काळपट, मखमली जाडी साबणाने घासून जात नाही. अनेकदा ती वाढते वजन आणि मधुमेहाची चाहूल असते. त्वचा वाचणाऱ्याला यातले बरेचसे दाराशीच कळते.

मुंबई-ठाण्याच्या डॉक्टरांनी आणखी एका गाठीची आठवण ठेवायला हवी. बिहार-झारखंडातून आलेल्या मजुराच्या हनुवटीवर, नाकाभोवती, कानांवर गाठी असतील आणि पूर्वी काळा आजार झाल्याचा इतिहास असेल, तर तो आजार बरा झाल्यावर महिन्या-वर्षांनी त्वचेत उगवणारा अवशेष असू शकतो. कुष्ठरोगाशी त्याची गल्लत पूर्वापार चालत आली आहे. नसा जाड नाहीत, स्पर्श शाबूत आहे, कुठून आलात या प्रश्नाचे उत्तर जुळते आहे, तर निदान वेगळे आणि औषधही वेगळे. त्या एका प्रश्नासाठी कुठलेही यंत्र लागत नाही.

निदान बिघडवणारी सर्वांत स्वस्त वस्तू मात्र मेडिकलच्या काउंटरवर मिळते. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र घोटलेली ट्यूब. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, उंच कड सपाट होते, आणि बुरशी खालून निवांत पसरते. कुष्ठरोगाचा चट्टाही तसाच विझल्यासारखा दिसतो आणि रुग्ण सहा महिने पुढे ढकलला जातो. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे विनाचिठ्ठी विकण्याची मुभा काढून घेतली. त्यानंतर आपल्या गल्लीतल्या दुकानात काय बदलले, हे वाचकाने स्वतःच जाऊन पाहावे. जोडीला आता मोबाइलवरून फोटो पाठवून निदान मागण्याची प्रथा आली आहे. दुर्गम पाड्यावरून तज्ज्ञापर्यंत पोहोचायला फोटो चांगला, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण फोटोत उंची बुडते, गाठीची खोली तर नाहीच दिसत, आणि बधिरता कुठल्याच कॅमेऱ्याला टिपता येत नाही. फोटो पाहून रुग्णाला बोलावून घ्यावे. तेवढ्यावर औषध लिहू नये.

रंगाचा प्रश्न वेगळाच. वैद्यकाची जी पुस्तके आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचली, त्यांतली लाली गोऱ्या कातडीवरची. सावळ्या-काळ्या त्वचेवर तीच लाली जांभळट, तपकिरी किंवा नुसती गडद दिसते. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने २०२० साली गडद त्वचेवरच्या लक्षणांची पुस्तिका तयार केली तेव्हा तिकडे मोठी चर्चा झाली. आपल्याकडे तर बहुतेक सर्व रुग्ण त्याच रंगाचे. तरी ‘लालसर’ हा शब्द भित्तिपत्रकात बिनदिक्कत छापला जातो. रंग फसवतो तेव्हा उंची आणि जाडी उरते, आणि ती बोटांना कळते.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोग दर १०,००० लोकसंख्येमागे १ रुग्णाच्या खाली आणला आणि ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर केले. कामगिरी खरी होती. पण घोषणेचा परिणाम असा झाला की आजार संपला, असा समज वैद्यकीय महाविद्यालयांपासून मंत्रालयापर्यंत पसरला. आजही देशात दर वर्षी १ लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांत निम्म्याहून जास्त. आपल्या राज्यात चंद्रपूर, गडचिरोली, पालघर हे जिल्हे अजून या आजाराच्या छायेत आहेत. स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, त्यात एक शहाणपण होते, कारण कुष्ठरोग्याला वेगळ्या दारातून आत घेणे थांबले. पण त्या यंत्रणेबरोबर एक कसबही गेले. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, रक्त हटवायचे, पातळ छेद घेऊन आतला द्रव पट्टीवर घ्यायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. खर्च नगण्य, वेळ थोडा, पण हात सराईत हवा. हा सराईत तंत्रज्ञ निवृत्त झाला की त्याची जागा बहुधा रिकामी राहते. मग वर्गीकरण चट्टे मोजण्यावर येते: पाचपर्यंत असले तर सहा महिन्यांचे औषध, त्याहून जास्त तर बारा महिन्यांचे. मोजायचे तर कपडे काढून पाठ आणि नितंब पाहायला हवेत. आणि आपल्या घरोघरच्या मोहिमेत उंबऱ्यावर उभे राहून ‘कोणाला चट्टा आहे का’ असे विचारले जाते. बाईमाणसाच्या पाठीवरचे चट्टे असे कधी मोजले जाणार? आणि गाठींच्या रुग्णाचा तर एकही चट्टा मोजता येत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. फलकावर गाठीचे चित्र टाकले तर ज्याला त्याला आपल्या चरबीच्या गाठीत महारोग दिसू लागेल, भीती पसरेल, दवाखान्यात निष्कारण गर्दी होईल. भीतीचा मुद्दा खरा आहे, कारण या आजाराने माणसांना गावाबाहेर काढल्याचा इतिहास फार जुना नाही. १९३९ साली सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्र्यांना ठेवून घेऊन गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत, ही त्या काळची मोठी गोष्ट होती. आनंदवन आणि अमरावतीचे तपोवन उभे राहिले तेही समाज जागा देत नव्हता म्हणून. पण लपवल्याने ही भीती कमी झाली नाही. उशिरा निदान झालेला रुग्ण वाकडी बोटे आणि बसलेले नाक घेऊन येतो, आणि लोकांच्या मनात आजाराचे चित्र तेच राहते. लवकर सापडलेला रुग्ण बरा होऊन शेजारी राहतो आणि कोणाला कळतही नाही. गर्दीबद्दल म्हणाल, तर चरबीच्या गाठीला दाबून पाहून ‘काही नाही’ सांगणे हे दवाखान्याचे कामच आहे.

घरात एक गाठींचा रुग्ण न सापडता राहिला तर नुकसान त्याच्यापुरते थांबत नाही. रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांना आणि निकटच्या शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा देण्याची सोय आता आहे. मूळ रुग्णच नोंदीत नसेल तर ती मात्रा कोणाच्या दारात न्यायची? मग पाच-दहा वर्षांनी त्याच घरातल्या मुलाच्या अंगावर चट्टा उठतो, तो फलकाच्या वाक्यात चपखल बसतो, आणि मोहिमेला रुग्ण सापडल्याचे समाधान मिळते.

तेव्हा आरोग्य विभागाने पुढच्या जानेवारीचा फलक छापायला देण्याआधी त्यात दोन चित्रे वाढवावीत, एक जाड, गाठाळ कानाच्या पाळीचे आणि दुसरे विरळ भुवईच्या तकतकीत चेहऱ्याचे, दोन्ही सावळ्या रंगात. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात कानाच्या पाळीचा नमुना घेऊ शकणारा एक तरी तंत्रज्ञ नेमावा. डॉक्टरांनी चट्टा किंवा गाठ दाखवणाऱ्या रुग्णाला खिडकीशी उभे करून हात लावल्याखेरीज मलमाचे नाव लिहू नये. आणि वाचकांपैकी कोणाच्या कानाची पाळी, भुवई किंवा चेहरा गेल्या वर्षा-दोन वर्षांत असा बदलला असेल, तर चट्टा नाही म्हणून थांबू नये. जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. औषध तिथे फुकट मिळते, आणि पहिल्या मात्रेनंतर काही दिवसांतच अंगातले बहुतेक जंतू मेलेले असतात.